डुगडुगता चौरंग

“हरवलेलं पान सापडलं, तर ते लोकांपुढं वाचायचं की नाही? एवढंच सांगा, बुवा. हो की नाही.”

विश्वंभर धापा टाकत उभा होता. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पिवळं पडलेलं एक लांबट पान. पायात वहाण एकच.

अंतोबाबुवा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल विश्वंभरच्या दिशेनं भिरकावलं.

“दुसरी वहाण कुठाय?”

“बुवा, पान सापडलंय. राणीचं पान.”

बुवांचा जबडा चालायचा थांबला... क्षणभरच. मग पुन्हा चालू लागला.

आता हे राणीचं पान काय, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही विश्वंभरसारखे एका वहाणेवर उभे राहाल.

बोरीघाटच्या मठात एक जुनी पोथी होती. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल बासनात बांधलेली. दर श्रावणात दुपारची कामं उरकली की सारा गाव मठात येऊन ती ऐकायचा. आजे-पणजे ऐकून गेले, नातवंडं ऐकत होती. पोथीत एक राणी आहे. तिच्या सख्ख्या भावानं लढाईत तिचा मुलगा मारलाय. पुढं तोच भाऊ हरतो, वैरी पाठीवर घेऊन पळतो आणि एका काळ्या रात्री बहिणीच्या वाड्याशी येऊन दार ठोठावतो. म्हणतो, ताई, मी आहे. राणी उठते. दिवा उचलते. दाराशी येते. कडीवर हात ठेवते...

आणि पान गायब.

पुढच्या पानावर एकच गोष्ट आहे. उजाडताच राणीनं उंबरठा आपल्या हातांनी धुतला. बस. रक्त धुतलं की चिखल, भाऊ आत होता की बाहेर, पोथी एक अक्षर बोलत नाही. त्यापुढं थेट राज्याभिषेक, हत्ती, तोफा, आणि भावाचं नावही नाही.

म्हणून गावानं एक रीत पाडली होती. तिथवर आलं की वाचणारा थांबायचा आणि पोथीवरची सुपारी उचलून लोकांत द्यायचा. सुपारी हातोहात फिरायची. ज्याच्या हाती ती असेल त्यानं आपलं पान सांगायचं, म्हणजे राणीनं पुढं काय केलं ते. इतक्या तळहातांनी घासून ती सुपारी गोटीसारखी गुळगुळीत झाली होती. गावात दोन तट होते, ‘उघडलं’वाले आणि ‘नाही उघडलं’वाले. मुलगी बघायला आलेले पाहुणे मानपान मागाहून काढत. आधी विचारत, तुमच्याकडं राणी दार उघडते का?

आणि विश्वंभर? नाव एवढं मोठं की काडीसारख्या अंगावर ते ढगळ व्हायचं. पैठणला शिकून आलेला. शाल मिळालेली. एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा उघडणं त्याला उष्टं खाल्ल्यासारखं वाटे. बुवांचा शिष्य झाला तोही असा, जणू बुवांवर उपकार करायला.

त्यानं स्वतः एक ग्रंथ लिहिला होता. त्यात सगळं होतं. शंका, शंकेचं उत्तर, उत्तरावरची शंका आणि तिचंही उत्तर. मोठ्या हौसेनं त्यानं तो मठात वाचायला घेतला. पहिल्या दिवशी मठ भरला. दुसऱ्या दिवशी अर्धा. तिसऱ्या दिवशी सदोबा तेली आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं जागं होतं.

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट खात होती. त्याच त्या पोथीला माणसं पिढ्यान्‌पिढ्या का चिकटतात?

त्यानं बुवांना विचारलं होतं. बुवा म्हणाले होते, लोक खुळे आहेत. आणि पोथी? ती त्याहून खुळी, म्हणाले. असल्या उत्तरानं पैठणच्या माणसाचं समाधान कसं व्हावं? बुवा तरी कोण मोठे पंडित? गावातली म्हातारी माणसं त्यांना लोणचेबुवा म्हणत. बुवा लोणच्याला कधी शिवत नसत, पण त्या नावाचा विचार विश्वंभरनं कधी केला नव्हता.

आणि आज सकाळी हे घबाड.

पोथी ठेवायच्या चौरंगाचा एक पाय डुगडुगत होता. वर्षानुवर्षं डुगडुगत होता. पान उलटलं की चौरंग टक्‌ करून वाजायचा आणि विश्वंभरच्या कपाळाची शीर उडायची. बुवा काही तो ठोकू देत नव्हते. आज बुवा नदीवर गेलेले बघून त्यानं चौरंग उलटा घातला, हातोडी उगारली, आणि फळी नि पट्टीच्या फटीत त्याला कागदाची कड दिसली.

त्यानं पान बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. मग वहाण शोधत शोधत धावत सुटला, तो बुवा परतून ओट्यावर शेंगा सोलत होते.

“आता मला कळलं, बुवा,” तो म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. “पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जाते ना, तसं आहे हे. पोथीत काही विशेष नाही. भोक आहे, म्हणून लोक येतात. आज दुपारी हे पान वाचतो. भोक बुजलं की जीभ मोकळी.”

“म्हणजे मग तुझा ग्रंथ ऐकायला येतील.”

विश्वंभर लाजला नाही. “येतीलच.”

बुवांनी पान हातात घेतलं नाही. त्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“वाच की. पण सुपारी फिरल्यावर. रीत मोडायची नाही.”

“कबूल.”

“आणि एक सांग. कडीवर हात कुणाचा आहे?”

“राणीचा.”

“नक्की?”

“पोथीतच लिहिलंय, बुवा.”

“मग वाच...”

आता एवढ्या उघड्या ओट्यावर एवढ्या मोठ्या आवाजात बोललेली गोष्ट मठात राहते होय? अंगण झाडणाऱ्या बाईनं झाडू तिथंच टाकला. नदीवर धुणं थांबलं. लोहाराचा भाता थांबला. आणि विश्वंभरनं दुसरी वहाण शोधून पायात घातली, तोवर मठाच्या दाराशी सगुणाबाई येऊन उभी होती.

सगुणाबाई कासारीण. गावातल्या सगळ्या मनगटांना बांगड्या भरणारी. तिच्या धाकट्या भावानं, हरबानं, भर पुरात होडी घातली होती, ती नको नको म्हणत असताना तिच्या पोराला बरोबर घेऊन. हरबा पोहून निघाला. पोर निघालं नाही. त्या दिवसापासून भावाला तिचं दार बंद. दर श्रावणात सुपारी तिच्याकडं आली की ती एवढंच म्हणायची, नाही उघडलं. आणि सुपारी पुढं द्यायची.

तो हरबा काल आला होता. म्हातारा झालेला. घाटावरच्या पिंपळाच्या पारावर गाठोडं घेऊन बसला होता. गावातनं कुणी भाकरी नेली तर घेत नव्हता.

“महाराज,” सगुणाबाई विश्वंभरला म्हणाली, “मला ओव्या समजत नाहीत. उघडते की नाही, तेवढं सांगा. म्हणजे मी तसं करीन.”

विश्वंभरच्या अंगावर काटा आला. आनंदाचा, बरं का. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला असं विचारत होतं, जणू उत्तरावर घरदार टांगलंय. त्यानं तोंड उघडलं...

बुवांना शेंगदाण्याचा असा ठसका लागला की पाठीवर बुक्क्या माराव्या लागल्या. डोळे पुसत ते म्हणाले, दुपारी ये बाई, सगळ्यांच्या सोबत.

दुपारी मठात मुंगीला वाट नव्हती. पलीकडच्या काठाहूनही माणसं आली होती. विश्वंभर चौरंगामागं बसला. पान त्याच्या उपरण्यात होतं आणि छाती उपरण्यात मावत नव्हती. एवढी माणसं. एवढे डोळे. हेच ते लोक, जे त्याच्या ग्रंथावर घोरले होते.

बहिरू लोहार आणि सदोबा तेली आज शेजारी शेजारी बसले होते. बहिरू जन्मभर ‘उघडलं’वाला, सदोबा जन्मभर ‘नाही’वाला. एकमेकांच्या दारात थुंकायची कसर तेवढी राहिली होती.

“आज निकाल लागणार रे,” बहिरू हळूच म्हणाला.

“लागू दे की.”

“लागू दे काय? उद्यापासून आपण भांडायचं कशावरनं?”

सदोबाचं तोंड उतरलं होतं.

वाचन सुरू झालं. विश्वंभर भराभरा वाचत होता, कधी एकदा कडीपाशी पोचतो असं त्याला झालं होतं. पान उलटलं की चौरंग टक्‌ वाजत होता. राणी उठली. टक्‌. दिवा उचलला. टक्‌. कडीवर हात ठेवला...

त्यानं सुपारी उचलून दिली.

दर वर्षी लोक सांगत, पण आजच्यासारखं कधी सांगितलं नव्हतं. आपलं पान सांगायची ही शेवटचीच वेळ, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. बहिरू म्हणाला की राणीनं उघडलं, पण लगेच नाही. आधी भावाला पावसात भिजू दिलं. हे मला आजवर दिसलंच नव्हतं, म्हणाला, या वर्षी लेक रुसून माहेरी आली तेव्हा दिसलं. मग सुपारी सदोबाकडं गेली. सदोबानं ती बराच वेळ बोटांत फिरवली.

“नाही उघडलं,” तो म्हणाला. “पण झोपायला गेली नाही. दाराला पाठ लावून खाली बसली. पलीकडं तोही पाठ लावून बसला. मध्ये एक फळी. उजाडेपर्यंत.”

‘उघडलं’वाल्यांतल्या दोघातिघांनी नाकं ओढली. बहिरू सदोबाकडं असा बघत राहिला, जणू हा माणूस त्याला आजच भेटत होता.

विश्वंभरही बघत राहिला. आपण पुढं झुकलोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सुपारी बायकांत गेली. नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून होती. सासरी तोंड उघडायची तिची पहिलीच वेळ. ती म्हणाली, उंबरठा धुतला, उंबरठा धुतला, म्हणून एवढा ऊहापोह कशाला? उंबरठा सकाळी सगळ्याच धुतात. इथल्या एका तरी बाप्यानं कधी धुतलाय का?

बायका पदर तोंडात घालून हसल्या. विश्वंभरला चक्क टाळी वाजवावीशी वाटली. इतकी पुस्तकं वाचली, पण उंबरठा हा धुवायचा असतो, हे त्याला आज समजत होतं. मग राणीनं मुद्दाम काही केलंच नाही? की मुद्दाम रोजच्यासारखं केलं? त्याच्या डोक्यात चाकं फिरायला लागली. त्याला बोलायचं होतं, भांडायचं होतं, कुणाला तरी म्हणायचं होतं, थांबा, असं नाही...

सुपारी सगुणाबाईच्या हातात आली.



“मला सांगायचं नाही,” ती म्हणाली. “मला ऐकायचंय. वाचा.”

तिनं सुपारी पुढं दिली नाही. मूठ मिटली.

विश्वंभरनं उपरण्यातून पान काढलं. शेकडो माना एकदम उंचावल्या. असा क्षण त्याच्या बापजन्मात आला नव्हता. पान चांगलं स्पष्ट होतं. अक्षर सुरेख. राणीनं काय केलं ते त्यात नीट लिहिलेलं होतं. पहिला शब्द त्याच्या ओठांवर आला.

आणि त्याची नजर सगुणाबाईच्या मुठीवर गेली.

बोटांची पेरं पांढरी पडली होती. मनगट थरथरत होतं, त्यामुळं बांगड्या बारीक किणकिणत होत्या. ती मूठ सुपारीवर नव्हती. कडीवर होती.

त्यानं बुवांकडं बघितलं. बुवा काडीनं कान कोरत होते.

विश्वंभरनं पुन्हा पानाकडं बघितलं. घसा खाकरला. त्याचे कान लाल झाले.

“हे...” तो म्हणाला. “हे घोड्याच्या खोकल्याचं औषध आहे.”

कुणाला आधी कळेचना.

“काय आहे?” बहिरूनं विचारलं.

“औषध. घोड्याच्या खोकल्यावरचं. सकाळी घाईत मी... मला वाटलं, राणीचं पान आहे.”

सदोबा उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अमावास्येनंतर एकदम पौर्णिमा आली होती. “काय काय घालायचं म्हणतो त्यात?”

“सुंठ,” विश्वंभर म्हणाला. “अडुळसा. गूळ.”

“घोड्याला गूळ?”

“लिहिलंय ते सांगतोय.”

मग जो हशा पिकला, तो म्हणे पलीकडच्या काठावर गुरं राखणाऱ्यांनी ऐकला. बहिरू सदोबाच्या गळ्यात पडून हसला आणि हसता हसता म्हणाला, तुझी ती पाठ लावून बसलेली राणी साफ खोटी आहे, आणि सदोबा म्हणाला, चल बाहेर, सांगतो कोण खोटी. दोघं भांडत भांडत सुखानं मठाबाहेर पडले. पैठणचे पंडित राणी आणायला गेले आणि घोडा घेऊन आले, असं कुणीतरी म्हणालं. दिवेलागणीच्या आत विश्वंभरचं नाव घोडेशास्त्री पडलं. शालीचं कुणी नाव काढलं नाही.

सगुणाबाई हसली नाही. सगळे उठले तरी ती बसून होती. मग उठली, सुपारी चौरंगावर ठेवली आणि विश्वंभरकडं नीट बघून घेतलं. गेली. घाटाच्या वाटेनं की घराच्या, ते दारातल्या गर्दीत दिसलं नाही.

ओट्यावर बुवांनी विश्वंभरपुढं मूठभर शेंगा ठेवल्या. दोघं सोलत बसले.

“घोड्याचा खोकला,” बुवा जरा वेळानं म्हणाले. “बरं सुचलं.”

विश्वंभरनं आणखी एक शेंग फोडली.

“मी लोणच्याचा मसाला म्हणालो होतो.”

विश्वंभरच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यानं बुवांकडं बघितलं. बुवांच्या खांद्यांना हसू फुटलं होतं, आवाज मात्र नव्हता.

“तुम्ही ते पान वाचलंय?”

“तुझ्याच वयाचा होतो. मलाही चौरंगाचा तो आवाज सहन व्हायचा नाही.”

“आणि तुमचे गुरू?”

“त्यांनी काय सांगितलं होतं, ते मला ठाऊक नाही,” बुवा म्हणाले. “पण गाव त्यांना मरेपर्यंत पापडमहाराज म्हणत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वंभर पुन्हा धावत आला. या वेळी दोन्ही पाय अनवाणी.

“बुवा, ती उंबरठा धुतेय.”

“कोण?”

“सगुणाबाई. आता बघून आलो. पदर खोचून, दोन्ही हातांनी.”

“आत कोण आहे?”

“तेच तर दिसलं नाही. दार लोटलेलं होतं. पार रिकामा आहे, गाठोडं नाही. म्हणजे हरबा आत गेला, नाहीतर रात्रीच निघून गेला. मी विचारणार होतो, बुवा, पण जीभच उचलेना. आणि ती काहीतरी गुणगुणत होती. की रडत होती. मला नीट कळलं नाही. वर बघून एवढंच म्हणाली, घोडेशास्त्री, पुढच्या श्रावणात सुपारी पहिली माझ्याकडं द्या, मला सांगायचंय.”

त्याला बसवत नव्हतं. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो येरझाऱ्या घालत होता. राणीनं दिवा उचलला तो कशाला, हे काल कुणीच विचारलं नाही, म्हणाला. दार उघडायचं नसेल तर दिवा कशाला हवा? पण तोंड बघायचं असेल, फटीतून, तर हवा की. ते दिव्याचं पान पुन्हा बघायला हवं, त्याच्याही आधीचं बघायला हवं. आज पोथी सुरुवातीपासून वाचायला घेतली तर चालेल का? श्रावण संपेपर्यंत पुन्हा एकदा होईल...

“तुझ्या ग्रंथाचं काय?”

“कुठला ग्रंथ?” विश्वंभर म्हणाला आणि आत पळाला.

आतून चौरंग उलटा घातल्याचा आवाज आला. मग फळी खरवडल्याचा.

“पान ठेवलंस?” बुवांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“ठेवलं. होतं तिथंच.”

“मग आता काय करतोयस?”

“पाय तेवढा ठोकून टाकतो. वाचताना फार वाजतो.”

बुवा शेंगा सोडून उठले. आत गेले. विश्वंभरच्या हातातली हातोडी काढून घेतली.

“डुगडुगू दे.”